निघणाऱ्याला ‘कुठे’ विचारू नये

आमच्या घरात बाहेर निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललात?’ असं विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही, अशी समजूत. मी इंग्रजी शाळेत शिकले, पण ही गोष्ट इतकी अंगात भिनलीय की मैत्रिणीलाही मी कधी विचारत नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी मोठे काका सकाळी बाहेर पडले तेव्हा कुणीच काही विचारलं नाही. ते जेवायला आले नाहीत. मोबाइल घरीच, चार्जिंगला. उन्हं उतरली तशी काकूने साडी बदलली आणि म्हणाली, “पोलिसात जाऊया.”

“चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, वहिनी,” बाबा म्हणाले.

“त्यांना शुगर आहे, भावोजी. गोळ्या इथे पडल्यात. चोवीस तास काय भिंतीकडे बघत बसू?”

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काकू काठी घेऊन चालायची. त्या दिवशी काठी दारातच विसरून ती रिक्षात बसली.

ठाण्यात एक महिला हवालदार होत्या. “चोवीस तास सिनेमात,” त्या म्हणाल्या. “माणूस सापडत नाही म्हणून कुणी आलं की लगेच नोंद करायची, असा नियम आहे. बसा मावशी. कुठे जातो म्हणून सांगून गेले?”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

“विचारलं नाहीत?”

“निघताना कसं विचारायचं?” काकू म्हणाली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “खरंय. माझी सासूपण विचारू देत नाही. पण मग आम्ही शोधायचं कुठे? बरं, कपडे कोणते होते?”

“पांढरा शर्ट,” बाबा म्हणाले.

“पांढरा दोरीवर वाळतोय. चॉकलेटी होता.”

“चॉकलेटी माझा आहे, वहिनी.”

मला माहीत होतं. मी पडवीत मोबाइल घेऊन बसते, तेव्हा हिचं लक्ष नाही असं सगळ्यांना वाटतं. पण अनोळखी माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. शेवटी काकूच्या हाताकडे बघितलं. ती बांगडी नुसती फिरवत होती.

“आकाशी,” मी म्हणाले.

“मोठ्याने बोल गं बाय.”

“आकाशी शर्ट. खिशाखाली शाईचा डाग. नव्या चपला. आणि पिशवीत नारळ होता. शेंडी बाहेर आलेली.”

काकूची बांगडी थांबली. “नवस,” ती म्हणाली. “हॉस्पिटलात माझ्या उशाशी बसून पुटपुटत होते. काय ते विचारलं, तर म्हणाले, फेडल्याशिवाय सांगायचा नसतो.”

“दादाचा नवस म्हणजे हेदवीचा गणपती,” बाबा म्हणाले.

आमच्याकडून हेदवीला जायचं तर जयगडहून फेरीबोटीने खाडी ओलांडावी लागते. हवालदारबाईंनी जयगडच्या पोलिसांना फोन लावला आणि मी सांगितलेलं सगळं, डागासकट, वाचून दाखवलं. मग आम्ही वाट बघत राहिलो. काकूने माझा हात धरला होता.

फोन वाजला. ऐकता ऐकता बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. “सापडले. जेट्टीवर भजी खातायत. शाळेतला मित्र भेटला, गप्पांत शेवटची एसटी चुकली. फोन करायला घरच्या कुणाचा नंबर पाठ नाही म्हणतायत.”

“शुगर असताना भजी,” काकू म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

नियमाप्रमाणे सापडलेल्या माणसाचाही जबाब घेतात. दुसऱ्या दिवशी काका प्रसादाचे पेढे घेऊन ठाण्यात हजर झाले.

“काय काका, कुठे गेला होतात?” हवालदारबाईंनी विचारलं.

“आता खुशाल विचारा,” काका म्हणाले, “आता परत आलोय ना.”

काकू अजूनही कुणाला कुठे ते विचारत नाही. पण बाहेर निघणाऱ्याला ती उंबऱ्यावर उभं करते आणि मोबाइलवर फोटो काढते. मला फोटो काढून घ्यायला मुळीच आवडत नाही. काल मी निघाले तेव्हा मान खाली घालून सटकत होते, तर मागून तिचा आवाज आला.

“थांब. चपला येत नाहीयेत फोटोत.”

मी थांबले.