घमेल्यातला पिंपळ

वरवंडच्या मच्छिंद्रला धीर म्हणून काही नव्हताच. गरम चहा फुंकत बसायला त्याला वेळ नसायचा, म्हणून तो कपात थंड पाणी ओतून घ्यायचा. फोन लागायच्या आतच तो "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" करून ठेवून द्यायचा. टोलनाक्यावर पुढच्या गाडीचा फास्टॅग लागायला उशीर झाला, तर हा खाली उतरून त्या मशीनलाच दम द्यायचा.

धंदा मात्र स्वभावाला शोभेसा मिळाला होता. त्याचा स्वतःचा जेसीबी होता. बांध सपाट करायचा, चारी काढायची, जुनं घर पाडायचं, शेततळं खोदायचं, सगळं झटपट. भलीमोठी बाभळ मुळासकट उपटायला त्याला तंबाखू मळण्याइतका वेळ पुरायचा. घराणं मेंढपाळांचं. आजा-पणजा मेंढरांमागं कोकणापर्यंत फिरलेले. बापानं जमीन केली, घर बांधलं, आणि मच्छिंद्रनं मेंढरांच्या जागी हे पिवळं धूड आणून उभं केलं. आई भागुबाईला ते कधी पटलं नाही. तिनं दारात दोन शेळ्या ठेवल्याच होत्या. "मेंढरं बरी व्हती," ती म्हणायची. "हाक मारली की थांबायची तरी. ह्यो न्हाई थांबत आन् ह्याची मशीनबी न्हाई."

एकदा मुरूम भरताना ट्रॅक्टरवाल्याशी भांडण जुंपलं आणि भांडता भांडता मच्छिंद्रला घेरी आली. बायको सारिकानं त्याला धरून दौंडला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर नीलम शांत बाई. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगवायला लागल्या. तेवढा वेळही याला निघेना. इकडेतिकडे बघताना टेबलावरच्या झाडाकडं त्याचं लक्ष गेलं. उथळ कुंडीत जेमतेम हातभर उंचीचा वड होता. पारंब्या सुटलेल्या, बुंधा म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखा गाठाळ.

"म्याडम, ह्या झाडाला काय झालंय?"

"काही नाही झालेलं. बोन्साय आहे. माझ्या मुलीपेक्षा वयानं मोठं आहे ते."

मच्छिंद्रनं वाकून नीट बघितलं. "मंग खत कमी पडलं आसंल."

"लहानच ठेवायचं असतं. थोडं छाटायचं, तार गुंडाळून वळण द्यायचं आणि वाट बघायची."

"वाट बघून काय व्हतं?"

डॉक्टरांनी पट्टा सोडला, आकडा बघितला आणि तो सारिकाला दाखवला, त्याला नाही. गोळ्या लिहून दिल्या. मग म्हणाल्या, "मच्छिंद्रराव, घाई करून चालत नाही असं काहीतरी घरी पाळा."

"आईच्या शेळ्या हायेत की."

"शेळ्या नकोत. झाड लावा. छोटंसं."

डॉक्टरांनी सहज सांगितलेलं ते मच्छिंद्रनं फार मनावर घेतलं. घरी येईपर्यंत गाडीतच त्यानं मोबाईलवर बोन्सायचे व्हिडिओ लावले. व्हिडिओतला माणूस एक फांदी कापायच्या आधी तिच्याकडं चहूबाजूंनी बघत बसायचा. मच्छिंद्रनं त्याला दुप्पट वेगानं पळवला. तरी एक गोष्ट त्याच्या बरोबर ध्यानात राहिली. भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप चांगलं, कारण त्याला मुळं पसरायला जागा नसते, ते उंच जात नाही आणि बुंधा जाड होतो.

तसं रोप त्याच्या घरीच होतं. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. उन्हाळे-पावसाळे काढून अंगठ्याएवढा जाड झालेला. हातोडी-छिन्नी घेऊन हळूहळू वीट मोकळी करायची, असं व्हिडिओवाला म्हणत होता. मच्छिंद्रनं छिन्नीवर चार घाव घातले. विटेचा टवका उडाला, पिंपळ जागचा हलला नाही. पाचव्या घावाआधीच त्यानं हातोडी टाकली आणि जेसीबी चालू केला.

आवाज ऐकून सारिका बाहेर आली. "आवो, काय करताय?"

"काय न्हाई. बकेटचा एक दात नुसता टेकवतो."

दात टेकला. पिंपळ निघाला, आणि त्याच्या संगतीनं भिंतही आली. धूळ बसल्यावर पलीकडं न्हाणीघर उघडंबोडकं दिसायला लागलं. तांब्या, साबण, दोरीवरचे टॉवेल, आणि भागुबाईच्या अंघोळीसाठी धूर सोडत उभा असलेला बंब. मच्छिंद्रनं ढिगाऱ्यातून रोप उचललं, मुळं तपासली आणि समाधानानं म्हणाला, "एक बी मूळ तुटलं न्हाई."

भागुबाई काठी टेकत आली. तिनं आधी रोपाकडं बघितलं, मग न्हाणीघराकडं.

"पिंपळ घरात लावत न्हाईत रं."

"घरात कुठं लावतुय? घमेल्यात लावतुय."

"व्हय, घर आता ऱ्हायलंय कुठं."

गवंडी यायला वेळ लागला. तोवर घरचे लोक ताडपत्रीमागं अंघोळी करत होते. वारा सुटला की ताडपत्री फडफडायची आणि आत असेल तो ओरडायचा. गावात कुणी मच्छिंद्रला झाडाबद्दल विचारलं नाही, न्हाणीघराबद्दल सगळ्यांनी विचारलं.

घमेल्याला त्यानं ड्रिलनं भोकं पाडली. शेतातली काळी माती दाबून दाबून भरली, वर मूठभर युरिया टाकला आणि बादलीभर पाणी ओतलं. आयुष्यभर ऊस बघितलेला माणूस, त्याला वाटलं, खाणंपिणं दिलं की वाढणारच. वाढवायचं नाहीये हे त्याच्या डोक्यात होतं, हाताला अजून कळलं नव्हतं. आठवडा गेला नाही तोच पानं पिवळी पडून गळायला लागली. फोटो घेऊन तो थेट दवाखान्यात शिरला. बाहेर पेशंटची रांग होती. तिच्याकडं त्यानं बघितलंही नाही.

"पाणी साचतंय," डॉक्टर म्हणाल्या. "माती भरड हवी. विटांचा चुरा, जाड वाळू, थोडं जुनं शेणखत. युरिया कशाला घातला? पानं काढा, सावलीत ठेवा. आणि रांगेतून या."

विटांचा चुरा घरात भरपूर होता. त्यानं चाळणीनं धूळ काढून टाकली, रोप मोकळं करून धुतलं, कुजलेली मुळं कातरली आणि परत लावलं. रोज सकाळी उठून तो बुंधा नखानं खरवडून बघायचा, आत हिरवं आहे का. सारिकानं त्याला विचारलं, "रोज खरवडल्यावर जगंल का ते?" तेव्हा कुठं त्यानं नख आवरलं. पुढं एक लालसर कोंब दिसला. मच्छिंद्रनं तो अख्ख्या घराला दाखवला. कामावर निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यालासुद्धा थांबवून दाखवला. तो भांडण मिटलंय असं समजून खूश झाला.

पानं सावरली तसा त्यानं तार बांधायचा विचार केला. घरात सेंट्रिंगची बांधणीची तार होती, लोखंडी, आणि पक्कड होती. डाव्या अंगाची फांदी खाली वाकवायची होती. त्यानं तार गुंडाळली, पीळ दिला, अजून दिला. वाकली म्हणून अजून थोडी. कट्ट करून आवाज झाला.

फांदी हातात आली. मच्छिंद्रनं सवयीनं मान वर करून बघितलं, कुणाला झापावं म्हणून. अंगणात कुणीच नव्हतं. सारिका दळणाला गेली होती, आई झोपली होती. शेळ्या रवंथ करत होत्या.  ज्या हातानं त्यानं डोंगरच्या डोंगर हलवले होते, त्या हाताला एवढीशी फांदी किती जोर सोसते हे माहीत नव्हतं, आणि याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. त्या दिवशी तो कामावर उशिरा गेला, आणि तिथं कुणावर डाफरला नाही. लोकांना वाटलं, तब्येत परत बिघडली.

त्यानंतर त्यानं पुण्याहून मऊ अॅल्युमिनियमची तार मागवली. आधी बाभळीच्या काटक्यांवर हात बसवला. मग एक दिवस श्वास रोखून पिंपळाची उजवी फांदी वळवली, इतकी हळू की शेजारी उभ्या सारिकालाच घाम फुटला. तार फांदीत रुतायच्या आत सोडायची असते, म्हणून रोज बघायचा. डॉक्टरांना फोटो पाठवायचा. "आता छाटू का?" "थांबा." "मोठ्या कुंडीत लावू का?" "थांबा." पुढं पुढं डॉक्टरांनी शब्द लिहिणंही सोडलं, नुसता उभा तळहात यायचा. पण तपासणीला गेला की आकडा आता त्या त्यालाच दाखवायच्या.

मग शिरूर तालुक्यातलं एक काम आलं, कवठे येमाईला शेततळं खोदायचं. मुक्कामी राहावं लागणार होतं. निघताना त्यानं सारिकाला सांगितलं, "माती वरनं कोरडी झाली तरच पानी घाल. बोट घालून बघ." संध्याकाळी फोन करून त्यानं विचारलं, "कसं हाय?" सारिका म्हणाली, "मी बरी हाय," आणि फोन ठेवला.

तो परत यायच्या आदल्या दिवशी भागुबाईच्या थोरल्या शेळीनं दावं तोडलं. शेळीला पिंपळाचा पाला किती आवडतो हे भागुबाईला सांगायची गरज नव्हती. ती काठी घेऊन पोचेपर्यंत पानं संपली होती, शेंडा संपला होता, आणि शेळी तार चाखून बघत होती.

घरात शोककळा पसरली. सारिकानं फोनच उचलला नाही. भागुबाईनं शेळीला गोठ्याच्या कोपऱ्यात बांधून पुढं आडोशाला कडब्याच्या पेंढ्या रचल्या. मच्छिंद्र आला, पाय न धुता घमेल्याकडं गेला. खुंटावर एक वळवलेली फांदी, तिच्यावर तार. बाकी काही नाही. दोघी दारात उभ्या. भागुबाईनंच आधी तोंड उघडलं.

"तिला बोलू नगंस. माळावरच्या बोरी बघितल्यास का कवा? आमच्या मेंढरा-शेळ्यांनी खाऊन खाऊन गुडघ्याएवढ्याच ऱ्हायच्या. पर बुंधा मनगटावानी. तुजा तो व्हिडिओवाला एवढं पैसं खरचून करतो, ते माजी शेळी फुकट करती."

सारिकानं डोळे मिटून घेतले. मच्छिंद्र खाली बसला. घमेलं फिरवलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. त्यानं फोटो काढला आणि डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं, "कुणी छाटलं?"

"शेळीनं," त्यानं लिहिलं.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "शेंडा मी सांगितला असता त्यापेक्षा जरा खाली घेतलाय. पिंपळ आहे, फुटेल. थांबा."

मच्छिंद्रनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. भागुबाईनं त्यातलं फक्त "फुटेल" एवढंच ऐकलं आणि कडब्याच्या पेंढ्या काढायला गेली. मच्छिंद्रनं आईला इतकंच सांगितलं, "दावं साखळीचं घेऊ." मग पाय धुतले आणि जेवायला बसला. भाकरी मोडताना सारिका त्याच्याकडं चोरून बघत होती. आवाज आता चढंल, मग चढंल, असं तिला वाटत होतं. त्यानं आमटी मागितली.

पिंपळ फुटला. एका जागी नाही, चार-पाच ठिकाणी फुटला, त्यातला एक कोंब तर बुंध्याच्या अगदी खालून. कुठला ठेवायचा आणि कुठला खुडायचा यावर मच्छिंद्र कितीतरी सकाळी खुर्ची टाकून बसला. गिऱ्हाइकाचे फोन येत राहिले. "येतो, जरा कामात हाय," तो सांगायचा.

अशाच एका सकाळी सारिकानं विचारलं, "ह्ये खरंखुरं झाडावानी कवा दिसायचं?"

"दहा-पंधरा वर्सं तरी लागत्याल."

"तवर तुम्ही असंच बसणार का हितं?"

"बसावं लागंल."

 दोन-तीन आठवड्यांनी मच्छिंद्रला खिडकीत दह्याचा एक रिकामा डबा दिसला. तळाला भोकं पाडलेली, आत विटांचा चुरा आणि वाळू. आमटीसाठी कोळलेल्या चिंचेतले चिंचोके तिनं भिजवून त्यात लावले होते. एक उगवला होता, दोन पानं उघडून सरळ उभा.

मच्छिंद्र जवळ गेला. "हिला आत्तापासनंच वळण दिलं पायजे. मी बारकी तार आणतो."

"हात लावू नगा," सारिका आतून म्हणाली.

"नुसतं सांगतुय."

"तुमचं तुमच्या घमेल्याचं बघा. ह्ये माजं हाय."

 डब्याकडं बघून त्याची बोटं वळवळत होती. मग त्यानं दोन्ही हात खिशात घातले आणि जेसीबीला डिझेल आहे का ते बघायला गेला.