दिगूची फिरती संख्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, एक लाख नव्याण्णव हजार नऊशे तेहेतीस ही संख्या गेल्या महिन्यात आर्वी मुक्कामी पोरकी झाली. तिचा पालक, म्हणजे माझा मित्र आणि माझ्यासारखाच गणिताचा मास्तर दिगंबर, दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. नेमका त्याच दिवशी मी पुलगावहून छोट्या रुळांच्या आगगाडीने त्याच्याकडे निघालो होतो... त्याचं उतरलेलं तोंड पाहायला.

आणे जाऊन नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. एका संध्याकाळी दिगूने पाटी माझ्यापुढे धरली. "१९९९३३. मूळ हाय. कशानंच भाग जात नाई."

"तशा त ढिगानं हायेत."

"थांब गा. आता पह्यला अंक उचलून मांगं टाक."

९९९३३१. तीही मूळ. पुन्हा फिरवली, पुन्हा मूळ... सगळे अंक रहाटासारखे फिरून जागेवर आले, तरी कुठेच भाग जात नव्हता. एखादा सम अंक किंवा पाच असता, तर फिरता फिरता शेवटी येऊन त्याने घात केला असता. तसा एकही नव्हता. मी "वा" म्हणालो आणि घरी जाऊन जेवलो नाही.

लोकांना मित्राच्या बंगल्याचा हेवा वाटतो. मला एका संख्येचा वाटला, आणि तो मी प्रेमाने जोपासला. हजाराच्या आतल्या एकेका मूळ संख्येनं तिला भागत बसलो. कुठेतरी दिगूची चूक निघेल. निघाली नाही. भेटलो की तो विचारी, "काऊन गा, मान्य हाय का?" मी म्हणे, "तपासून राह्यलो."

चहा देताना वहिनी म्हणत, "म्हणून टाका ना भाऊजी मान्य. यायले तेवढंच पाह्यजे." पण मान्य केल्यावर माझ्याकडे काय उरणार? म्हणून मी तशीच दुसरी शोधायला घेतली... आणि सापडली. त्या दिवशी गाडीत ती माझ्या ओठांवर होती. या गृहस्थाला तेवढाही दम निघाला नाही.

तेराव्याला परसात पान मांडलं. कावळा कुंपणावर येऊन बसला, पण शिवेना. धाकट्या भावाने शब्द दिला, "पोराईचं शिक्षण मी पाह्यतो." कावळा ढिम्म. मग एकेक करून सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी पुढे झालो. "दिगू, तुझी संख्या मूळ हाय. मान्य."

कावळ्याने नुसती मान फिरवली. दाराजवळ खिळ्याला दिगूची पाटी टांगलेली होती, स्वच्छ पुसलेली. ती पाहून मला राहवेना.

"आन् आयक, मले दुसरी सापडली. १९३९३९. कशीबी फिरव. तपासून पाह्य."

कावळा झपकन उतरला आणि पानातला वडा उचलून गेला. सगळे हात जोडून उभे होते. डोळे पुसता पुसता वहिनी बोलून गेल्या,

"झालं. आता हे तिकडंबी भागाकारच करत बसतीन."