शिंगं आणि पंख

पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेल्या रंगाचा वास आला की मला माझी पाठवणी आठवते. नांदगावहून मला सोडायला बाबांनी दमणी, आमची छोटी बैलगाडी, धुऊन, बैलांची शिंगं रंगवून ठेवली होती. पण सासरच्यांनी अकोल्याहून कुणाची तरी अमेरिकन मोटार आणली, मागे दोन्ही बाजूंना माशासारखे उंच पंख असलेली. मी हरखून तीतच बसले. बाबा पंखावर हात फिरवत म्हणाले, "हिले शिंगं मांगं काहून आहेत व बाई?" सगळे हसले, मीही हसले. मोटार निघाली. मागच्या काचेतून, त्या दोन पंखांच्या मधोमध, धुळीत बाबांची रिकामी दमणी शिवेपर्यंत येताना दिसली. पुढे तसल्या पंखांची फॅशन गेली, बाबाही गेले. "थांबवा" एवढंच म्हणायचं होतं मला तेव्हा, ते राहून गेलं; ते काही मनातून अजून जात नाही.