शेजारच्या खाटेवरचं त्रिशरण

ऑपरेशन नांदेडला झालं. बीजकोशाचा कर्करोग होता. टाके सुकत आले तेव्हा डॉक्टरबाईंनी गाठीच्या तपासणीचा अहवाल समजावून सांगितला. ‘वाढ’ असा बाहेरून आलेला निरोप पेशीच्या आत पोचवणारं एक प्रथिन असतं. माझ्या गाठीत ते फारच जास्त सापडलं होतं. असं ज्यांच्यात सापडतं, त्यांचा आजार बऱ्याचदा लवकर परततो. “पण हा पुष्कळ बायकांवरून बांधलेला अंदाज आहे,” त्या म्हणाल्या. “तुमचं काय होईल ते यात लिहिलेलं नाही.” मी मान हलवली. मला ऐकू आलं ते ‘परततो’ एवढंच.

लातूरला घरी आले आणि माझी वंदना बंद पडली. आई गेल्यावरही संध्याकाळची बुद्धवंदना मी कधी चुकवली नव्हती. आता मूर्तीपुढे बसलं की ओठच उघडत नसत. आपल्या धम्मात नवस नाही, मागणं नाही. आणि मला तर मागायचंच होतं. त्या दिवसांत आईची फार ओढ लागली. माझ्यासारखंच तिचंही पोट फुगलं होतं, आणि त्यातच ती गेली. काय झालं होतं ते तेव्हा कोणी तपासलं नाही. तिचा आवाज कुठं साठवलेलाही नाही. त्रिशरणाच्या दुसऱ्या ओळीला, ‘धम्मं सरणं गच्छामि’ला, ती सूर एकदम वर न्यायची आणि क्षणभर थांबायची. विहारातल्या बायका हसायच्या. तो सूर एकदा कानावर पडावा, मग काय व्हायचं ते होवो, असं वाटायचं.

केमोसाठी पुन्हा नांदेडला गेले. शेजारच्या खाटेवर देवणीकडची एक म्हातारी शेतकरीण होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. सुई पाहताच तिनं हात पदराखाली ओढून घेतला. “लई भ्या वाटतंय, बाई,” ती मला म्हणाली. मग तिनं डोळे मिटले आणि हळूच त्रिशरण म्हणू लागली. उच्चार मोडके होते. पण दुसऱ्या ओळीला सूर वर गेला आणि थांबला. माझ्या अंगावर काटा आला.

“मावशी, हे कुठं शिकलात?”

“आमच्या रानात खुरपायला एक पोरगी यायची, तुमच्यातली. ईज कडाडली की हेच म्हनायची. मला बी पाठ झालं.”

माझी आई देवणीकडचीच. लग्नाआधी ती रोजानं रानात जायची. “नाव काय हो तिचं?”

“थांब हां... जिभेवर हाय बघ...” आठवता आठवता ती दमून गेली, सुई लावलेला हात हलू लागला. त्या नावावर माझा सगळा जीव टांगला होता. मग कुठून कोण जाणे, मनात आलं, तिनं दुसरंच नाव सांगितलं तर हा सूर मला परका होणार आहे का?

“राहू द्या, मावशी. पुन्हा म्हणा.”

ती म्हणू लागली. तिच्यामागून मी. किती तरी दिवसांनी माझे ओठ हलले, आणि डोळेही वाहिले.

उपचार संपले. आजवरच्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत. प्रथिनाचा अंदाज खोटा ठरला असं मी म्हणत नाही. प्रत्येक तपासणीआधी भीती वाटतेच, आईची ओढही तशीच आहे. शरण जाताना पुढची हमी मागायची नसते, एवढं मात्र त्या दुपारी उमगलं. त्या सुरातून ते शिकवायला जी कोणी आली, आई असो वा दुसरी कुणी, तिची मी जन्माची ऋणी आहे. मावशी गावी बरी आहे. फोन केला की नाव आठवत नाही म्हणून हळहळते. मी तिला विचारते, “जेवलात का?”