लेकीच्या लग्नाची कॅसेट

समोरचा माणूस बोलायला लागला की बाई आधी त्याचं मनगट धरायच्या. नाडी बघावी तशी बोटं टेकवायच्या, नजर कुठंतरी लांब लावायच्या आणि म्हणायच्या, "हं, पुढं बोल." दवाखान्यातली नर्सची नोकरी संपून किती वर्षं झाली तरी ही सवय गेली नव्हती. भाजीवालीशी घासाघीस करतानाही तिचं मनगट बाईंच्या हातात असायचं.

शिरड शहापुरात माझ्या वयाची जेवढी माणसं आहेत, त्यातल्या बहुतेकांनी बाईंच्या हातची सुई खाल्ली आहे. लेकरू रडायला लागलं की त्या समजूत घालत बसायच्या नाहीत. "रड. रडून घे. फक्त हालू नको," एवढंच म्हणायच्या. आयांना राग यायचा. पण बाळंतीण अडली की त्याच आया बाईंच्या दारात उभ्या राहायच्या, आणि बाई पायात चपला सरकवता सरकवता विचारायच्या, "पाणी तापवलं का?"

अशी करड्या आवाजाची, कुणाचं ऐकून न घेणारी एखादी बाई तुमच्याही गावात असेल. लोक तिला घाबरतात आणि तिच्यावाचून त्यांचं चालतही नाही.

बाईंचे मालक लवकर गेले. एकच लेक, रेखा. बाईंनी तिला बारावीपर्यंत शिकवलं आणि हिंगोलीकडच्या एका घरात दिली. घर दुकानदारांचं, माणसं गोड बोलणारी. लग्नात व्हिडिओ शूटिंग झालं, म्हणून आमच्या गावात त्या लग्नाची फार चर्चा झाली होती. मी तेव्हा शाळेत होतो. शूटिंगच्या दिव्याच्या झोतात आपण यावं म्हणून आम्ही पोरं मांडवभर धावत होतो.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत रेखा गेली. स्टोव्हचा भडका झाला असं सासरच्यांनी सांगितलं. मरताना तिच्याकडूनही तेच वदवून घेतलं, असं लोक म्हणतात. बाई मोठ्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. नाडी बघायला त्यांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. धरायला जागाच नव्हती. खटला चालला. शेजारच्यांनी आधी एक सांगितलं, कोर्टात दुसरं. सगळे सुटले. बाई दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर होत्या.

सासरच्यांकडून त्यांनी भांडी मागितली नाहीत, दागिने मागितले नाहीत. फक्त लग्नाची कॅसेट मागितली. शूटिंग मुलाकडच्यांनी केलेलं, त्यामुळं एकच कॅसेट होती आणि ती त्यांच्याकडं होती. सापडत नाही, असं उत्तर आलं. नंतर उत्तरंही आली नाहीत.

माझं वसमतला फोटो स्टुडिओचं दुकान आहे. माझ्याकडचा एक जुना व्हीसीआर अजून चालतो, म्हणून आसपासचे लोक लग्नाच्या, बारशाच्या कॅसेटी घेऊन येतात आणि पेनड्राइव्ह घेऊन जातात. पट्टीला बुरशी लागलेली असते. ती पुसायची, कॅसेट एकदा पुढं-मागं फिरवून घ्यायची, मग व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडून चालू करायची. जेवढी कॅसेट तेवढाच वेळ लागतो, त्यात घाई करता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी बाई दुकानात आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट. काचेवर ठेवली आणि माझं मनगट धरलं.

"हिच्यातला आवाज निघंल का?"

मी म्हटलं, बघावं लागेल. कॅसेट कुठून आली तेही त्यांनी सांगितलं. जावई दारू पिऊन पिऊन मेला होता. त्याच्या दुसऱ्या बायकोला कपाट आवरताना ही सापडली. खोक्यावर रेखाचं नाव पाहून ती बिचारी एसटीनं शिरडला आली आणि बाईंच्या हातात देऊन गेली. दोघींची ती पहिलीच भेट. बाईंनी तिला चहा पाजला.

"माझ्याकडं तिचे फोटो हायत," बाई म्हणाल्या. "पण तिचा आवाज मला याद न्हाई. लई प्रयत्न केला, याद येत न्हाई."

मी कॅसेट साफ करून लावली. बाई स्टुलावर बसल्या. पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा आल्या, मग फुलांच्या चौकटीत नवरदेवाचं नाव. शेजारी नवरीचं नाव आलं, आणि ते रेखाचं नव्हतं.

मला कळायला थोडा वेळ लागला. बाईंना माझ्या आधी कळलं होतं. नवीन कॅसेट कशाला, म्हणून त्या माणसानं रेखाच्या लग्नावरच आपलं दुसरं लग्न भरून घेतलं होतं. खोक्यावरचा कागद बदलायचीही तसदी घेतली नव्हती.

मी बंद करायला हात पुढं केला.

"काहून? चालू दे."

त्यांनी ते सगळं लग्न पाहिलं. हळद पाहिली, मंगलाष्टकं पाहिली. जावयाचा हसरा चेहरा जवळून आला तेव्हाही मान वळवली नाही. दुकानात गिऱ्हाइकं आली, गेली. एकदाच त्या म्हणाल्या, "ही पोरगी बघ कशी हसून राहिली. तिला सासरचे म्हणले होते की तुमच्या लग्नाची कॅसेट खराब झाली. चहा पिताना सांगत होती."

दुसरं लग्न साधं, अंगणातलं होतं. ते लवकर संपलं. पडद्यावर मुंग्या आल्या. मला वाटलं झालं. आणि एकदम मुंग्यांमधून एक जीप दिसली, फुलांच्या माळा लावलेली. रेखाच्या लग्नाचा शेवटचा तुकडा शिल्लक राहिला होता. सासरी पाठवणीचा.

रेखा हिरव्या शालूत होती. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले होते आणि तोंड आईच्या कानाशी नेलं होतं. ओठ हलत होते. वरून शूटिंगवाल्यानं कुठलंतरी सिनेमातलं गाणं भरलं होतं.

"आवाज वाढव," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं की वाढवून उपयोग नाही. गाणं भरताना त्यांनी खालचा आवाज पुसून टाकलेला असतो.

बाई पडद्याकडंच बघत राहिल्या. पडद्यावरच्या बाई तरुण होत्या, जरीच्या साडीत. कॅमेऱ्याकडं बघून हसत होत्या आणि हसता हसता आपल्या खांद्यावरून लेकीची बोटं एकेक करून सोडवत होत्या. मग त्यांनी तिला जीपमध्ये बसवलं. दार लागलं. पट्टी संपली.

"बघितलं का?" त्या म्हणाल्या. "मीच सोडवून राहिले."

मी म्हटलं, बाई, त्या काळी सगळेच असंच करायचे.

"सगळ्यांचं मला सांगू नको." आवाज चढला नव्हता. "पंचमीला आली होती ती. पाठीवर वळ होते. मी नर्स हाय. वळ कशाचे ते मला कळत न्हाई? मलम लावलं अन् बसमध्ये बसवून दिलं. लोक काय म्हणतील म्हणून. तवाबी तिनं असंच धरलं होतं."

मी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

जाताना म्हणाल्या, दोन पेनड्राइव्ह कर. रेखाचा तुकडा मला, आणि ते दुसरं लग्न त्या बाईला. मला आश्चर्य वाटलेलं त्यांना दिसलं असावं. म्हणाल्या, "तिलाबी त्यानं मारलंच की. पण त्या दिवशी तरी ती हसून राहिली. तिचं तिला दे."

तरी त्यांच्यासाठी मी तो तुकडा नांदेडला एका मित्राकडं पाठवला. हल्ली गाणं आणि बोलणं वेगळं करता येतं. त्यानं खूप खटपट केली. गाण्याखाली काहीच नव्हतं. मी शिरडला जाऊन बाईंना तसं सांगितलं. त्यांनी मनगट धरलं आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "हं, पुढं बोल." थोड्या वेळानं त्यांनी हात सोडला.

त्यानंतर त्या वसमतला आल्या नाहीत. शेजारची बाई सांगायची, की त्या मोबाइलवर तो तुकडा गाणं बंद करून बघतात. रेखाच्या ओठांकडं बघत स्वतः ओठ हलवून पाहतात. शब्द लागतो का बघतात. कधी एखादा लागल्यासारखा वाटायचा, मग दुसऱ्या दिवशी तो नाही म्हणायच्या.

थंडीत बाई गेल्या. तेराव्याचा फ्लेक्स करायला त्यांचा पुतण्या माझ्याकडं आला. बाईंचा धड एक फोटो घरात नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात त्या ओळखू येत नव्हत्या. चांगला चेहरा फक्त त्या तुकड्यात होता. मी तिथं थांबवून फोटो काढला. रेखाला कडेनं कापलं, तरी तिची बोटं बाईंच्या खांद्यावर राहिली, हिरव्या बांगड्यांची कड दिसत होती.

पुतण्या म्हणाला, हे कोणाचे हात मधीच? काढून टाका.

आता हे काम एका मिनिटाचं आहे. मी म्हटलं, निघत नाही.

त्यानं फोटो मोबाइलवर घेतला आणि दुसऱ्या दुकानात गेला. दोन दिवसांनी शिरडच्या बसथांब्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली पुतण्यांची आणि मित्रमंडळाची नावं. मधोमध बाई जरीच्या साडीत हसत होत्या. खांद्यावरचा पदर अगदी नीट होता, चुणी न चुणी जागच्या जागी. तिथं कुणी कधी घट्ट धरलं असेल, असं वाटत नव्हतं.