झिरो गेज आणि समोरचा प्रमोद

दुकानाच्या कोपऱ्यात तारेचे तुकडे कधी साचतात ते कळत नाही. किश्शांचंही तसंच. पण तुकडे निदान भंगारवाला तरी उचलून नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून बसा, चहा घ्या आणि ऐका.

वर्ध्यात माझं गाड्यांना साउंड सिस्टिम बसवायचं दुकान आहे. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, प्रमोदचं. तेच काम, तेवढंच शटर. नागपूरला एकाच उस्तादाच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो, एका डब्यात जेवलो. फरक एवढाच, की गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं! मी जळतो का? जळतो. उगाच खोटं कशाला बोलू!

त्यात यंदा कानावर आलं, की आंजीच्या भीमजयंतीची गाडीसुद्धा प्रमोदकडे जाणार. मोठी आंजी म्हणजे माझं गाव हो! आई अजून तिथेच राहते. मिरवणुकीच्या गाडीची सिस्टिम दरवर्षी मीच बसवतो, आणि एकदा तरी गावाच्या माइकवरून माझं नाव पुकारलं जावं, एवढीच माझी इच्छा आहे. बाकीची सगळी गिऱ्हाइकं प्रमोदला लखलाभ असोत.

हे वाक्य मनापासूनचं नाही, ते सोडा.

*

आमच्या धंद्यात तारेच्या जाडीला गेज म्हणतात, आणि गेजचा आकडा उलटा चालतो. आकडा लहान तेवढी तार जाड. आठपेक्षा चार जाड, आणि झिरो म्हणजे पार अंगठ्याएवढी.

अल्लीपूरचे एक काका नवी कोरी गाडी घेऊन आले. आवाज वाढवणारा मोठा अँप, दणका देणारे दोन वूफर. मी म्हटलं, "काका, याले झिरोच लागते."

काकांचं तोंड उतरलं. "झिरो? एवढ्या मोठ्या गाडीले तू झिरो लावून राह्यला? मले आठ नंबर दे!"

मी कागदावर गोल काढून दाखवले, तारा कापून दाखवल्या. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, उठले आणि रस्ता ओलांडून गेले.

प्रमोदने गेजचा आकडा तोंडातून काढलाच नाही. म्हणाला, "काका, मंत्र्याच्या गाडीत राह्यते ना, ते तार लावतो तुमाले."

काकांनी झिरोच लावली! वर जाताना माझ्या दारात गाडी थांबवून म्हणाले, "पाह्यलं काय? याले म्हणतात तार!"

*

एकदा एक सेल्समन स्वस्तातलं बंडल घेऊन माझ्याकडे आला. वर ठसठशीत छापलेलं, चार गेज. दिसायला तर भलतीच गुबगुबीत! तेव्हा हिंगणीच्या एक भाजीवाल्या ताई त्यांच्या छोट्या टेम्पोच्या टेपसाठी माझ्याकडे बसल्या होत्या. त्यांनी ती तार हातात घेतली, काउंटरवरच्या ब्लेडने टोक सोललं. सोलतायत, सोलतायत, आणि आत बघावं तर दोऱ्याएवढी तार!

"बाप्पा! यात तार कमी अन् स्वेटरच जास्त हाय! अशी काकडी विकली तं बाजारात मारतीन आमाले!"

सेल्समनने बंडल गुंडाळलं आणि निघाला. मी ताईंवर खूश. म्हटलं, अशा पारखी बाईचं काम करायला मजा येईल. कुठला टेप लावायचा ते विचारलं, तर ताई चप्पल घालत म्हणाल्या, "टेप तं प्रमोदभाऊच लावून देते. तिकडं गर्दी होती, म्हणून तुमच्याइथं बसली होती जराशीक!"

*

आता ही गोष्ट मात्र मी मेलो तरी विसरणार नाही.

लाल तारेतून बॅटरीचा करंट अँपकडे जातो आणि काळ्या तारेतून परत येतो. दोन्ही सारख्याच जाड पाहिजेत. पण लोक लाल जाड घेतात आणि काळीवर येऊन हात आखडतात. एका मास्तरांनी मला विचारलं, "परतच तं यायचं हाय, त्याले जाड तार कायले पाह्यजे?"

मी म्हटलं, "मास्तर, वऱ्हाड ट्रकभर आलं, तं परत जातानी सायकलवर बसवून पाठवता काय?"

मास्तर खो खो हसले. काळी तार जाड घेतली. मला वाटलं, बंडू, आज तू जिंकला!

प्रमोद तेव्हा माझ्याकडे पाना मागायला आला होता. पाना घेऊन गेला, हसलासुद्धा नाही. महिना झाला नसेल, देवळीचं एक गिऱ्हाईक मलाच शिकवायला लागलं: "काळी बी जाडच द्या भाऊ. वर्ध्याचे प्रमोदभाऊ म्हणते ना, वऱ्हाड ट्रकनं आलं तं..."

पाना अजून परत आलेला नाही!

*

प्रमोदचं एक गिऱ्हाईक मात्र माझ्याकडे आलं. एकच. खोटं नाही सांगत.

तार बारीक पडली, की वूफरच्या प्रत्येक दणक्याला गाडीचे हेडलाइट मंद होतात. दुसऱ्या दुकानातून असा घोटाळा घेऊन आलेल्या त्या माणसाला प्रमोदने जाड तार टाकून दिली. लाइट एकदम स्थिर. दुसऱ्याच दिवशी तो रागारागाने माझ्या दारात हजर!

"भाऊ, माह्ये लाइट गाण्यावर नाचे. साऱ्या गावात फक्त माह्येच! त्या प्रमोदनं नाच बंद करून टाकला. तुमी परत चालू करून द्या!"

मी विचारलं, "माह्याकडंच काऊन आला?"

"लोकं म्हणे, तुमच्याकडं होते म्हणून!"

*

आता जयंतीचं ऐका.

एप्रिलची दुपार. आंजीचा पिकअप आला आणि थेट प्रमोदच्या दारात उभा राहिला. म्हटलं, गेली गाडी! पण पिकअप तिथे उभा राहिला तो लिंबाच्या सावलीसाठी. सावलीसुद्धा त्याच्याच दारात पडते! मंडळाचे अध्यक्ष दादारावमामा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बंडू, लाग कामाले. जयंती आपली हाय, कमी नको पडू देजो."

मी झिरो लावली. लाल झिरो, काळीही झिरो. एकेकीने भागत होतं, तरी दोन-दोन ओढल्या. कोणाला बोट ठेवायला जागाच ठेवायची नव्हती.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. निळे झेंडे, निळा गुलाल, आणि आवाज तर असा, की छातीत धडधड व्हावी. हेडलाइट जरासुद्धा हलले नाहीत. प्रमोदही आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तोही आमच्यातलाच, त्याला नाही कसं म्हणणार? चौकात दादारावमामांनी माइक हातात घेतला. मी शर्ट नीट केला.

"एवढा कडक आवाज देल्याबद्दल मंडळ आभारी हाय, आपल्या वर्ध्याच्या... प्रमोदभाऊचं!"

काम मला दिलं, पण मामांच्या तोंडात नाव बसलेलं त्याचंच! टाळ्या! माझ्या आईनेसुद्धा वाजवल्या!

प्रमोद माइककडे गेलाच नाही. तो पिकअपच्या मागे चढला. उस्तादाने शिकवलेली आमची एकच परीक्षा आहे: सिस्टिम फुल वाजू द्यायची आणि मग तारेवर हात ठेवायचा. गरम लागली, की समजायचं गेज चुकलं. त्याने आधी लाल तार मुठीत धरली, मग काळी. बराच वेळ धरून ठेवली. मी खाली दात-ओठ खात उभा होतो.

मग त्याने वरूनच माझ्याकडे पाहिलं आणि आवाजाच्या वर ओरडला,

"बंड्या, तार तं थंडगार हाय बे! तूच काऊन गरम होऊन राह्यला?"