अंबाडीच्या पुढचा उजेड

फोन आला तेव्हा मी भिवंडीजवळच्या पूर्णे गावात, गोदामात ट्रक खाली करून घेत होतो. आईचा आवाज अगदी सपाट होता. "ये रे बाला. रंजू बोलत न्हाय." मुंबईच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता काही आठवडे झाले. वेळ गेला की बरं वाटतं म्हणतात... मला तरी अजून वाटलेलं नाही.

रंजनाताई माझी थोरली बहीण. आमच्या राहनाळच्या घरातली इंजिनिअर झालेली पहिलीच मुलगी. कॉलेजात शिकवायला लागण्याआधी ती वर्षभर अंबाडी गावाच्या पुढं, डोंगरातल्या एका शाळेत होती. रस्त्यावरच्या टेलिफोनच्या पेटीतली वीज गेली की तिथले फोन मुके व्हायचे. अशाच वेळी एका बाळंतिणीसाठी गाडी बोलवायला माणूस अंबाडीपर्यंत धावत गेला. गाडी आली, पण बाई वाचली नाही. ताईनं पीएचडीचा विषय घेतला तो त्यानंतरच. भिवंडीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून काचेच्या तारेतून निघालेला, संदेश वाहणारा उजेड, वाटेत वीज लागणारं एकही यंत्र न ठेवता, थेट डोंगरातल्या पाड्यांपर्यंत न्यायचा.

आईला ती हे जेवताना समजावायची. "लांबच्या तारेत उजेड पसरतो. एकामागून एक भराभर संदेश सोडले, तर ते एकमेकांत मिसळतात. म्हणून सगळा माल एका सुसाट ट्रकात न भरता शंभर गाड्यांत वाटायचा, आणि प्रत्येक गाडी सावकाश सोडायची."

"मंग पोचायला येल न्हाय लागायचा?"

"सगळ्या एकाच वेळी निघतात ना, आये!"

आई हसायची. अडचण वेगळीच होती. त्या शंभर गाड्या म्हणजे खरं तर शंभर लहरी, आणि त्या कधीकधी नेमक्या एकाच क्षणी उंच उठायच्या. तेवढा जोर उजेड सोडणाऱ्या लेझरला पेलायचा नाही, आणि संदेश चिरडून जायचा. यावर ताईनं स्वतःचा एक उपाय काढला होता. संगणकावर तो चालला. पण खऱ्या तारेवर तपासायची यंत्रं तिच्या कॉलेजात नव्हती. खूप खटपटीनंतर दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेनं तिला पंधरवडा दिला, आणि त्याच सुमाराला डॉक्टरांनी पोटातली गाठ दाखवून लगेच शस्त्रक्रिया करा म्हणून सांगितलं.

मी खूप भांडलो. "जगात इतके लोक यावर काम करतायत ना? तुझ्यावाचून होईल ते!"

"होईल रे," ती बॅग भरता भरता म्हणाली. "पण अंबाडीच्या पुढं कोण आणणार?"

शस्त्रक्रिया पुढं ढकलून ती तिकडं गेली. आधी तारेच्या छोट्या रिळावर सगळे संदेश नीट आले. फोनवर ती लहान मुलीसारखी बोलत होती. मग लांबीची सगळी रिळं जोडली आणि पलीकडे नुसता गोंगाट उमटला. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पंधरवडा संपला. "आणखी थोडे दिवस असते तर..." एवढंच ती फोनवर म्हणाली. परतल्यावर शस्त्रक्रिया झाली, पण गाठ तोवर पसरली होती. आधी केली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते पुढच्या गोळ्या लिहू लागले.

शेवटी शेवटी ती या कामाबद्दल बोलेनाशी झाली. मी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाली, "नको. ते न्हाय झालं." तिच्या तोंडी गावची बोली फार वर्षांनी ऐकली. तिचे पीएचडीचे सर आले होते, काम कुणीतरी पुढं नेईल म्हणाले. अजून कुणी विचारायला आलेलं नाही. परवा आमच्या गोदामापुढं चर खणून काचेच्या तारेची नवी केबल टाकली. ती गोदामांपाशीच संपते. डोंगराकडे कुणी खणत नाही.

काल घरी आलो तेव्हा आई मिक्सरची वायर गुंडाळत होती. पूर्वी ती घट्ट आवळून गाठ मारायची. आता मोठी, सैल वेटोळी घालत होती. मी जवळ गेलो, तशी म्हणाली, "तार मुडपली का उजेड सांडतो, सांगायची ना ती."

"आये, या तारेत उजेड नसतो," हे मला सांगवलं नाही. मी वायरचं दुसरं टोक धरलं.